हवामान करारातली आश्वासनं: देशांचे आकडे बाहेरून तपासता येतात का?

सह्यकडा
पॅरिस करारात भारताने दिलेलं आश्वासन मुख्यतः तीन आकड्यांत मावतं. २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत जीडीपीमागची उत्सर्जन तीव्रता (उत्पन्नाच्या दर रुपयामागे सुटणारे वायू) ४५ टक्क्यांनी खाली आणायची. विजेच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा ५० टक्के करायचा. आणि वाढीव जंगल-झाडीतून २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड जादा शोषायचा. यातले पहिले दोन आकडे ऑगस्ट २०२२ मध्ये वाढवले, २०१५ साली ते ३३-३५ आणि ४० होते.

३० डिसेंबर २०२४ ला भारताने संयुक्त राष्ट्रांकडे चौथा द्वैवार्षिक अहवाल (बीयूआर-४) दिला. त्यानुसार २००५ ते २०२० मध्ये तीव्रता ३६ टक्क्यांनी घटली, २००५ ते २०२१ मध्ये २.२९ अब्ज टन जादा शोषण झालं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बिगर-जीवाश्म क्षमता ४६.५२ टक्के होती. जून २०२५ अखेर ती पन्नाशी ओलांडून गेली.

या आकड्यांवर टाळ्या वाजवणारे आणि नाक मुरडणारे दोघेही भरपूर आहेत. पण आकडा कुठून आला हे उलगडून सांगणारं फारसं कुणी भेटत नाही. म्हणून विचारतो: निव्वळ उपलब्ध कागदपत्रांवरून, सरकारी खात्यातली ओळख न वापरता, सामान्य माणूस यातलं काय काय पडताळू शकतो? आणि जगाच्या पातळीवर तपासणारं कुणी आहे का? इतर देशांचंही येऊ द्या.

ऊर्जामापक
तिघांपैकी क्षमतेचा आकडा सगळ्यात सोपा, तिथूनच सुरुवात करा. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर महिन्याला राज्यवार स्थापित क्षमतेचा तक्ता काढतं. त्यातलं जलविद्युत, अणू आणि 'आरईएस' (सौर, पवन, बायोमास, लघु जलविद्युत) एकत्र करा आणि एकूण क्षमतेने भागा. जून २०२५ अखेर एकूण ४८४.८ गिगावॉट, त्यात बिगर-जीवाश्म २४२.८. भागाकार ५०.०८ टक्के. दहा मिनिटांचं काम आहे.

यात दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात.

एक, नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय मार्च २०१९ पासून मोठं जलविद्युतही नवीकरणीय धरतं. प्राधिकरणाच्या तक्त्यात मात्र मोठं जलविद्युत वेगळ्या रकान्यात असतं. मंत्रालयाचा आकडा घेऊन त्यात प्राधिकरणाचा जलविद्युत रकाना मिळवला की ती क्षमता दोनदा मोजली जाते.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. हा तक्ता वीज कंपन्यांच्या क्षमतेचा आहे. कारखान्यांचे स्वतःचे संच, म्हणजे कॅप्टिव्ह, त्यात येत नाहीत. ते सत्तर गिगावॉटहून जास्त आहेत आणि त्यातले बहुतांश कोळशावर चालतात. उलट रूफटॉप सौर आणि साखर कारखान्यांची बगॅसवरची सहवीज आरईएसच्या रकान्यात धरलेली असते. एका बाजूची कॅप्टिव्ह मोजायची आणि दुसऱ्या बाजूची नाही, असा हिशेब होतो. आश्वासनाच्या मजकुरात फक्त 'एकूण स्थापित क्षमता' एवढंच आहे, त्यामुळे सरकारने खोटं सांगितलं असं म्हणता येत नाही. पण कॅप्टिव्ह छेदात घेतले की टक्केवारी पन्नासच्या बरीच खाली येते, हे वाचणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

माळरान
@ऊर्जामापक, पण क्षमता म्हणजे वीज नव्हे ना? दिवे लागतात ते अजून कोळशावरच.

ऊर्जामापक
बरोबर. १०० मेगावॉट सौर प्रकल्प वर्षभरात आपल्या क्षमतेच्या साधारण २० टक्के चालतो असं धरा. १०० × ८७६० तास × ०.२० = १,७५,२०० मेगावॉट-तास, म्हणजे साडेसतरा कोटी युनिट. तेवढ्याच क्षमतेचा कोळशाचा संच ६९ टक्के चालला तर साठ कोटी युनिट. क्षमतेच्या तक्त्यात दोघांची किंमत सारखी, विजेच्या तक्त्यात साडेतीन पटींचा फरक. म्हणून क्षमता पन्नास टक्के झाली तरी देशात तयार होणाऱ्या विजेतला सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा कोळशाचा राहू शकतो. प्राधिकरणाचे रोजचे निर्मिती अहवालही खुले आहेत, तेही जोडीने पाहावेत.

राईनकाठ
तपासणारं कुणी आहे का, या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे गैरसमज फार आहेत.

पॅरिस कराराच्या १३ व्या कलमात 'वर्धित पारदर्शकता चौकट' आहे. तिची नियमावली २०१८ साली कॅटोवित्सेला ठरली, तक्त्यांचे नमुने २०२१ ला ग्लासगोत. त्यानुसार प्रत्येक देशाने दर दोन वर्षांनी बीटीआर (द्वैवार्षिक पारदर्शकता अहवाल) द्यायचा. पहिल्याची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, पुढची ३१ डिसेंबर २०२६. अतिअविकसित देश आणि छोटी बेटराष्ट्रं यांना मुदतीचं बंधन नाही. पहिली मुदत संपली तेव्हा शंभराहून कमी देशांचे अहवाल आले होते. भारताने त्या वेळी दिला तो बीयूआर, म्हणजे आधीच्या व्यवस्थेतला अहवाल. दोघांच्या तपशिलात बराच फरक आहे.

बीटीआर आला की तज्ज्ञांचा गट त्याची छाननी करतो. तज्ज्ञांची नावं देशांची सरकारं सुचवतात, त्यांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते, आणि स्वतःच्या देशाच्या अहवालाला हात लावता येत नाही. गट देशाला प्रश्न पाठवतो, उत्तरं घेतो आणि अहवाल जाहीर करतो. बंधनकारक नियम पाळला नसेल तर 'शिफारस', ऐच्छिक असेल तर 'प्रोत्साहन', अशी भाषा ठरलेली आहे. त्यानंतर देश इतर देशांसमोर बसून प्रश्नोत्तरांना तोंड देतो.

आता मर्यादा. छाननी करणाऱ्यांना काही गोष्टींवर बोलायला नियमानेच मनाई आहे, त्यातल्या दोन महत्त्वाच्या. आश्वासन पुरेसं आहे का, हे विचारायचं नाही. आणि विकसनशील देशाने 'आमची क्षमता कमी म्हणून ही सवलत घेतो' असं ठरवलं तर ती सवलत त्याला गरजेची होती का, हेही विचारायचं नाही. १५ व्या कलमाखाली बारा सदस्यांची अनुपालन समिती आहे, पण ती कुणाला शिक्षा करत नाही. म्हणजे बेरीज बरोबर आहे का, पद्धत सांगितली आहे का, रकाने भरले आहेत का, एवढंच इथे तपासलं जातं. माझ्या मते एवढंही नेटाने झालं तरी मोठी गोष्ट आहे. पण 'संयुक्त राष्ट्रांनी प्रगतीवर शिक्कामोर्तब केलं' असं कुठे छापून आलं तर ते चूक समजावं.

अक्षता_र
सवलती म्हणजे नेमकं काय काय सोडता येतं?

राईनकाठ
मुख्य सवलती अशा. इतरांनी १९९० पासूनची सलग वार्षिक मालिका द्यायची, सवलत घेणाऱ्याने आश्वासनाचं पायाभूत वर्ष आणि २०२० पासूनची मालिका दिली तरी चालते. इतरांनी सात वायू मोजायचे, यांनी किमान तीन. अहवालातलं शेवटचं वर्ष दोन वर्षांहून जुनं नको, यांना तीन चालतं. एखादा स्रोत 'नगण्य' म्हणून सोडायचा तर तो एकूण उत्सर्जनाच्या ०.०५ टक्के किंवा ५ लाख टन यातल्या जो आकडा लहान त्याच्या खाली हवा, यांना ०.१ टक्के किंवा १० लाख टन. मात्र कोणती सवलत, कुठल्या अडचणीमुळे आणि कधीपर्यंत, हे लिहून द्यावं लागतं. तक्त्यात अशा जागी 'एफएक्स' हे चिन्ह येतं. पहिल्या बीटीआरमध्ये एफएक्स कुठे होतं आणि दुसऱ्यात कुठे उरलं, एवढं पाहिलं तरी त्या देशाची यंत्रणा सुधारते आहे की नाही ते समजतं.

गणिती_नागपूर
सह्यकडा यांनी तीव्रतेचा आकडा विचारलाय, तो खरा गुंत्याचा आहे. आधी उत्सर्जन मोजतात कसं ते पाहू. चिमणीला मीटर लावून देशाचं उत्सर्जन मोजत नाहीत. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामान तज्ज्ञांची समिती) २००६ च्या पद्धतीत 'किती केलं' गुणिले 'दर एककामागे किती वायू' असा गुणाकार असतो. जळलेल्या कोळशाचे टन, त्यांची उष्णता, आणि उष्णतेमागे कार्बन डायऑक्साइड.

एक टन कोळसा घ्या.

आयपीसीसीचा तयार गुणक 'इतर बिट्युमिनस' कोळशाला: २५.८ गिगाज्यूल प्रतिटन, ९४.६ किलो प्रतिगिगाज्यूल. उत्तर २.४४ टन.
'सब-बिट्युमिनस' धरला तर: १८.९ × ९६.१ = १.८२ टन.
आता आपल्याकडचा जी-११ प्रतीचा कोळसा, किलोमागे ४००१ ते ४३०० किलोकॅलरी. मधला आकडा ४१५०, म्हणजे टनामागे १७.४ गिगाज्यूल. पण भारतात प्रत ठरते ती ग्रॉस उष्मांकावर (जळताना निघणारी सगळी उष्णता) आणि आयपीसीसीचे गुणक आहेत नेट उष्मांकावर (त्यातून वाफेत जाणारी उष्णता वजा करून). कोळशाचा नेट साधारण पाच टक्क्यांनी कमी, म्हणजे १६.५. गुणिले ९६.१, उत्तर १.५९ टन.

कोळसा तोच एक टन, पण कोणता रकाना निवडला त्यावर २.४४ किंवा १.५९. म्हणून देशाने स्वतःचे गुणक वापरले (याला टियर २ म्हणतात) तर ते कुठल्या खाणींच्या, किती नमुन्यांवरून काढले हे जोडणं फार गरजेचं. ग्रॉस-नेटची गल्लत कोळशात पाच टक्के, नैसर्गिक वायूत दहा टक्के चूक घालते. हिशेब तपासताना मी सगळ्यात आधी तेच पाहतो.

भारतात हे काम एकाच छताखाली होत नाही. कोळशाचं धनबादच्या सिम्फरकडे, कचऱ्याचं आपल्या नागपूरच्या नीरीकडे, जंगलाचं डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडे, अशी वाटणी असते आणि जुळवाजुळव पर्यावरण मंत्रालयात होते.

माळरान
चहा ठेवा कुणीतरी, हा धागा लांबणार. ☕

चिंतामणी_जी
गणिती, गुणाकार पटला. पण तीव्रतेच्या छेदात जीडीपी आहे, त्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत. उत्सर्जनाचा हिशेब अगदी चोख केला तरी छेद हलला की टक्का हलतो.

आपल्या जीडीपीचं पायाभूत वर्ष २०१५ च्या जानेवारीत २००४-०५ वरून २०११-१२ झालं. मग २००५ चा जीडीपी नव्या मालिकेत काय होता? त्यासाठी मागे जाणारी मालिका लागते, ती नोव्हेंबर २०१८ मध्ये आली आणि त्यावर तेव्हा केवढं वादळ उठलं ते सगळ्यांना आठवत असेल. पायाभूत वर्ष जेव्हा जेव्हा बदलतं तेव्हा २००५ पर्यंत पुन्हा मागे जावं लागतं. अहवालात प्रत्येक वेळी 'कोणत्या मालिकेतला, कोणत्या किमतींचा जीडीपी' ही एक ओळ आणि दोन्ही वर्षांचे आकडे छापले तर निम्मा वाद मिटेल.

दुसरी गोष्ट अंशाची. २००९ च्या कोपनहेगनच्या वेळी भारताने २०२० साठी २०-२५ टक्के तीव्रता घट जाहीर केली, त्यात शेतीचं उत्सर्जन वगळलं आहे असं स्पष्ट लिहिलं होतं. २०१५ च्या आश्वासनात ते वगळल्याचंही लिहिलेलं नाही आणि धरल्याचंही नाही. बीयूआर-४ नुसार शेतीचा वाटा १३.७ टक्के आहे. शेतीचं उत्सर्जन जीडीपीच्या मानाने फार हळू वाढतं. त्यामुळे ते धरलं की टक्का एक येतो आणि सोडलं की वेगळा.

गणिती_नागपूर
चिंतामणीजी, मान्य. त्यात अजून एक भर. २००५ चं उत्सर्जन कुठे आहे? भारताच्या अधिकृत इन्व्हेंटऱ्या (देशाच्या उत्सर्जनाचे वर्षवार हिशेब) आल्या त्या १९९४, २०००, २००७, २०१०, २०१४, २०१६, २०१९ आणि २०२० या वर्षांच्या. या यादीत २००५ नाही. ज्या वर्षाशी तुलना करायची त्याच वर्षाचा क्षेत्रवार तक्ता आधी समोर हवा. राईनकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे नव्या चौकटीत सवलत घेतली तरी पायाभूत वर्ष द्यावंच लागतं. म्हणून बीटीआरमध्ये मी सगळ्यात आधी तो रकाना उघडणार आहे.

एक छोटं उदाहरण देतो, बातम्या कशा वाचाव्यात याचं. '२०२० मध्ये भारताचं उत्सर्जन ७.९३ टक्क्यांनी घटलं' असं सगळीकडे छापून आलं. २०१९ ला जमीन-जंगल सोडून एकूण ३१३.२ कोटी टन होतं, २०२० ला २९५.९ कोटी. ही घट साडेपाच टक्के. ७.९३ येते ती जमीन-जंगलाचं शोषण वजा केल्यावर: २६४.७ वरून २४३.७ कोटी. दोन्ही आकडे खरे आहेत. पण २०२० हे टाळेबंदीचं वर्ष होतं आणि घटीचा काही भाग शोषण वाढल्याच्या हिशेबातून आला, हे बातमीत कुठेच नव्हतं.

रानवाटा
आता जंगलाकडे येऊ. माझ्या मते तिन्ही आकड्यांत सगळ्यात कच्चा हाच.

वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा मोठी कोणतीही जमीन, जिच्यावर झाडांचं छत्र दहा टक्के किंवा जास्त आहे, ती 'वनाच्छादन' मानतात. मालकी कुणाची, वापर काय, झाडं कसली, हे पाहत नाहीत. म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या हापूसच्या दाट बागा, काजूच्या बागा, केरळातलं रबर, सगळं त्यात येऊ शकतं. कार्बन मोजायला ही व्याख्या चालते, कारण आंब्याच्या खोडातही कार्बन असतोच. गडबड होते ती तो आकडा 'जंगल वाढलं' म्हणून सांगितला की.

मोजणी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून होते. एका ठिपक्याची बाजू २३.५ मीटर. छायाचित्रांचा दर्जा आणि वाचनाची पद्धत सुधारली की आधी न दिसलेली झाडी दिसू लागते. ती नव्याने उगवलेली नसते. म्हणून दोन अहवालांतले आकडे सरळ वजा करायचे नाहीत, नव्या अहवालात जुन्या वर्षाचा सुधारलेला आकडा दिलेला असतो तो घ्यायचा.

शिवाय एकूण वनकार्बनमधला निम्म्याहून जास्त वाटा मातीतला आहे. तो उपग्रहाला दिसत नाही. क्षेत्रफळ गुणिले सरासरी, असा काढतात. नवी लावलेली झाडी असेल तर माती भरायला दशकं लागतात, पण कोष्टकात ती पहिल्याच दिवशी भरलेली धरली गेली का, हे पद्धतीच्या टिपणात पाहावं लागतं.

आणि २०१५ च्या मजकुरात 'जादा शोषण' कोणत्या वर्षाच्या तुलनेत, हेच लिहिलं नव्हतं. २००५ हे पायाभूत वर्ष नंतर धरलं गेलं.

अक्षता_र
रानवाटा ताई, एक शंका. २.२९ अब्ज टन म्हणजे २२९ कोटी. सोळा वर्षांनी भागलं की वर्षाला सव्वाचौदा कोटी टन. पण बीयूआर-४ मध्ये २०२० या एका वर्षाचं जमीन-जंगलाचं शोषण ५२ कोटी टन दिलंय. हे जुळतं कसं?

रानवाटा
अगदी नेमका प्रश्न. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. २.२९ अब्ज हा साठ्यातला फरक, फक्त जंगल आणि जंगलाबाहेरची झाडं यांचा. ५२ कोटी हा त्या वर्षाचा प्रवाह, आणि त्यात शेतजमीन, गवताळ जमीन, वस्तीची जमीन असे सगळे रकाने येतात. भारताच्या हिशेबात शेतजमिनीचा वाटा मोठा असतो. फरक एवढा मोठा असल्यावर क्षेत्रवार तक्ता आणि शेतजमिनीचे गुणक दोन्ही उघड हवेत. एका वाक्याचा गोषवारा इथे पुरत नाही.

जगात इतरत्रही हाच कोपरा अंधारा आहे. २०२१ साली वॉशिंग्टन पोस्टने देशांचे अहवाल एकत्र केले, तेव्हा देशांनी सांगितलेलं उत्सर्जन आणि स्वतंत्र मोजणी यांत वर्षाला ८.५ ते १३.३ अब्ज टनांची तफावत निघाली. त्यातला मोठा हिस्सा जमिनीचा. मलेशियाच्या हिशेबाप्रमाणे तिथली झाडं शेजारच्या इंडोनेशियातल्या तशाच जंगलांपेक्षा चौपट वेगाने कार्बन ओढत होती.

धूमकेतू_७
मग देशांच्या कागदांवर विसंबायचं कशाला? उपग्रहाने थेट मोजा की. मुंबई-दिल्लीच्या कचराभूमींचा मिथेन दिसला ना २०२२ मध्ये. सरकारी आकड्यापेक्षा दुपटीने जास्त निघाला होता.

गणिती_नागपूर
धूमकेतू, थोडी दुरुस्ती. त्या अभ्यासात ब्युनोस आयरेस, दिल्ली, लाहोर आणि मुंबई ही शहरं होती. शहरांचं मिथेन उत्सर्जन १.४ ते २.६ पट जास्त निघालं हे खरं. पण तुलना होती सर्रास वापरल्या जाणाऱ्या जागतिक इन्व्हेंटऱ्यांशी. भारत सरकारच्या अहवालात शहरवार मिथेन नसतोच, त्यामुळे 'सरकारी आकड्याच्या दुप्पट' असं त्यातून निघत नाही.

उपग्रहाने काय होतं आणि काय होत नाही ते पाहा. सेंटिनेल-५पी उपग्रहावरच्या ट्रोपोमी या उपकरणाचा एक ठिपका ५.५ × ७ किलोमीटरचा. ढग असले की वाचन नाही, म्हणजे जून ते सप्टेंबर कोकणपट्टी जवळजवळ कोरी. दिसतं ते हवेतलं प्रमाण. त्यावरून ताशी किती टन बाहेर पडला हे काढायला वाऱ्याचा वेग लागतो, आणि त्यातली चूक थेट उत्तरात उतरते. कार्बन डायऑक्साइडचं तर आणखी अवघड. हवेत तो आधीच ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२० भाग) वर आहे, एखाद्या वीज केंद्राचा धूर त्यात टक्काभरही भर घालत नाही.

उपग्रहाचा खरा उपयोग सुटलेला स्रोत दाखवायला होतो. कचऱ्याच्या हिशेबात ढिगाची खोली पाच मीटरहून कमी धरली तर मिथेन गुणक ०.४, जास्त धरली तर ०.८. एका टिकमार्कने उत्तर दुप्पट. तिथे उपग्रह सांगतो की बाबांनो, हा ढीग खोल आहे, रकाना बदला.

माळरान
मिथेनवरून आठवलं, त्याला कुठे २१ ने गुणतात, कुठे २८ ने. हे काय प्रकरण?

गणिती_नागपूर
शंभर वर्षांच्या हिशेबात एक टन मिथेन किती टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा, तो आकडा. आयपीसीसीच्या दुसऱ्या अहवालात २१ होता, पाचव्यात २८. विकसनशील देशांच्या जुन्या नियमावलीत दुसऱ्या अहवालाचे आकडे होते, बीटीआरमध्ये पाचव्याचे बंधनकारक आहेत. नायट्रस ऑक्साइड उलट दिशेने, ३१० वरून २६५.

भाताचं उदाहरण घ्या. सतत पाणी भरलेल्या एका हेक्टरात आयपीसीसीच्या २००६ च्या गुणकाने रोज १.३० किलो मिथेन. १२० दिवसांत १५६ किलो. २१ ने गुणलं तर ३.३ टन, २८ ने ४.४ टन. शेतात काहीही न बदलता उत्सर्जन तिसऱ्या हिश्शाने वाढलं. म्हणून जुना बीयूआर आणि नवा बीटीआर शेजारी ठेवताना आधी दोन्हीकडचा गुणक बघा. (हंगामात अनेकदा पाणी काढून जमीन वाळवली तर त्याच १५६ ला ०.५२ ने गुणतात, म्हणजे ८१ किलो. भातवाल्यांसाठी हे जास्त कामाचं.)

राईनकाठ
इतर देशांचं सह्यकडा यांनी विचारलं होतं.

तुर्कीने २०२३ च्या सुमारास '२०३० पर्यंत ४१ टक्के घट' जाहीर केली. घट कशापासून? काहीच केलं नाही तर होईल त्या ११७.५ कोटी टनांपासून. ४१ टक्के कमी म्हणजे सुमारे ६९.५ कोटी. आणि २०२० चं प्रत्यक्ष उत्सर्जन? ५२.४ कोटी. म्हणजे आश्वासन पूर्ण करूनही उत्सर्जन तिसऱ्या हिश्शाने वाढतं. इथे काही लपवलेलं नाही, सगळं कागदावर आहे. फक्त शीर्षकावर थांबायचं नाही.

चीनने २०१५ मध्ये मागच्या वर्षांचा कोळशाचा वापर सुधारला, तेव्हा एकट्या २०१२ च्या आकड्यात सुमारे ६० कोटी टनांची भर पडली.

अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये बीटीआर दिला, जानेवारी २०२५ मध्ये करारातून बाहेर पडण्याचा आदेश निघाला, आणि एप्रिलमध्ये द्यायची वार्षिक इन्व्हेंटरी तिथल्या पर्यावरण संस्थेने वेळेवर प्रकाशितच केली नाही. माहिती हक्काच्या अर्जातून ती बाहेर आली. तयार अहवाल कपाटात राहू शकतो, हे तिथे दिसलं.

चिंतामणी_जी
राईनकाठ, श्रीमंत देशांच्या बाबतीत उत्सर्जनापेक्षा पैशाचा हिशेब जास्त गढूळ आहे, तेही लिहायला हवं होतं. २०१५ मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने २०१४ साठी ६२ अब्ज डॉलर हवामान निधी दिल्याचं सांगितलं, तेव्हा आपल्या अर्थ मंत्रालयाने टिपण काढून भरवशाचा म्हणता येईल असा आकडा २.२ अब्जांचाच असल्याचं म्हटलं होतं. २०२३ मध्ये रॉयटर्सने तपासलं तर इटलीने आशियात चॉकलेट-जिलाटोची दुकानं उघडायला दिलेले पैसे आणि जपानने बांगलादेशातल्या कोळशाच्या वीज केंद्राला दिलेलं कर्ज हवामान निधीत मोजलेलं निघालं. कर्ज पूर्ण रकमेने मोजायचं की त्यातल्या अनुदानाच्या भागाने, यावर आजही एकमत नाही. आपल्याकडे बोट दाखवणाऱ्यांनी आधी हा तक्ता साफ करावा.

राईनकाठ
चिंतामणीजी, ते बरोबरच आहे, आणि निधीचा तपशील देणं नव्या चौकटीत विकसित देशांना बंधनकारक आहे. पण त्यांचा तक्ता गढूळ आहे म्हणून आपला तसाच राहू द्यायचा, हे मला पटत नाही. आपल्या शेतीचं, कोळशाचं, जंगलाचं नियोजन याच आकड्यांवर होणार आहे.

अक्षता_र
विमानं, जहाजं आणि लष्कर यांचं काय?

ऊर्जामापक
आंतरराष्ट्रीय विमान-जहाजांचं इंधन देशाच्या बेरजेत येत नाही, खाली टीप म्हणून येतं. देशांतर्गत येतं. लष्कराला रकाना आहे, पण अनेक देश तिथे 'गोपनीय' किंवा 'इतरत्र समाविष्ट' लिहितात. आणि एक सूचना: मुंबईच्या हवामान कृती आराखड्यातले आकडे राष्ट्रीय आकड्याशी ताडून पाहू नका. शहर वापरलेल्या विजेचं उत्सर्जन स्वतःच्या नावावर धरतं, ती वीज चंद्रपूर-कोराडीत तयार झाली तरी. राष्ट्रीय हिशेबात ते चिमणी जिथे आहे तिथे धरतात.

सह्यकडा
सगळ्यांचे मनापासून आभार. क्षमतेचा आकडा ऊर्जामापक यांच्या पद्धतीने जुळला. तीव्रतेचा जुळवायला २००५ चा तक्ता आणि जीडीपीची मालिका हवी. जंगलाचा जुळवण्याइतका तपशील बाहेर नाही. आता पुढचा प्रश्न: एखाद्या देशाचा बीटीआर हातात आला तर पाचशे पानांत नेमकं कुठे बघायचं?

राईनकाठ
पानं नंतर, आधी एक्सेल उघडा. हवामान कराराच्या सचिवालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येक देशापुढे साधारण चार गोष्टी असतात: मुख्य अहवाल, इन्व्हेंटरीचं टिपण, इन्व्हेंटरीचे तक्ते (सीआरटी) आणि प्रगतीचे तक्ते (सीटीएफ).

सीआरटीमध्ये तक्ता १० आधी. सगळ्या वर्षांचा कल एका नजरेत दिसतो, एखाद्या वर्षी अचानक उडी असेल तर टिपणात कारण शोधा.

मग तक्ता ९. कोणते स्रोत मोजलेच नाहीत (एनई) आणि कोणते दुसरीकडे घातले (आयई) ते कारणासह असतं. एनईचा अर्थ शून्य असा घ्यायचा नाही. शून्य असतं तिथे एनओ लिहितात.

मग १.ए(सी). इथे इंधनाचा हिशेब दोन बाजूंनी केलेला असतो: देशात निघालेलं आणि बाहेरून आलेलं इंधन वजा बाहेर गेलेलं वजा साठ्यात पडलेली भर, आणि दुसरीकडे प्रत्येक क्षेत्राने जाळलेलं. दोघांत मोठा फरक असेल तर खुलासा हवा. कोळशाचा साठा किंवा चुकीचा उष्मांक इथेच पकडला जातो.

सीटीएफमध्ये देशाने स्वतः निवडलेला निर्देशक, त्याचं पायाभूत मूल्य आणि ताजं मूल्य एका ओळीत असतं. तुर्कीसारखा प्रकार असेल तर तिथेच कळतो.

गणिती_नागपूर
तक्ता ८ राहिला, माझ्या मते सगळ्यात बोलका तोच. मागच्या अहवालातले आकडे या वेळी किती बदलले, टक्केवारीसह. फेरगणना होणं वाईट नाही, पद्धत सुधारली की व्हायलाच हवी. पण पायाभूत वर्ष वर सरकलं आणि ताजं वर्ष तिथेच राहिलं, तर जमिनीवर काहीही न होता 'घट' वाढते. ऑस्ट्रेलियाचं लक्ष्य २००५ च्या तुलनेत आहे आणि जमिनीच्या फेरगणनेमुळे तिथलं २००५ चं मूल्य जवळजवळ दरवर्षी हलतं. म्हणून लक्ष्य आणि प्रगती दोन्ही एकाच आवृत्तीतून घ्यायची.

सह्यकडा
आवृत्ती बदलली की जुनी फाईल संकेतस्थळावर राहते ना?

गणिती_नागपूर
करार-सचिवालयाकडे सहसा राहते. देशांतर्गत खात्यांच्या पानांवर मात्र त्याच दुव्यावर नवी फाईल चढते आणि जुनी जाते. प्राधिकरणाचे मासिक तक्ते, वन सर्वेक्षणाचे खंड, जीडीपीची मालिका, या तिन्ही आजच उतरवून घ्या आणि फाईलच्या नावात उतरवल्याची तारीख टाका. पीडीएफ आणि एक्सेल दोन्ही असतील तर दोन्ही ठेवा, कारण एक्सेलमध्ये सूत्रं नसली तरी दशांश पूर्ण असतात, पीडीएफमध्ये ते कापलेले असतात.

रानवाटा
वन सर्वेक्षणाचा पद्धतीचा भाग वेगळ्या प्रकरणात असतो. राज्यवार पानं उतरवताना तो विसरू नका, मातीच्या कार्बनचं सगळं तिथेच आहे.